देवांना हसणारा कवी आणि देव व्हायला निघालेला सम्राट : ओव्हिडची गोष्ट

१४ डिसेंबर २०१७ या दिवशी रोमच्या नगरपरिषदेनं एक अजब ठराव मंजूर केला. शहरातून हद्दपार केलेल्या एका माणसाची शिक्षा रद्द करण्याचा. अजब यासाठी, की ही शिक्षा इसवी सन ८ मध्ये सुनावलेली होती आणि ज्याला सुनावली तो माणूस जाऊन दोन हजार वर्षं झाली होती. त्याच्यावर ना खटला चालला, ना सिनेटपुढे सुनावणी झाली. सम्राटानं हुकूम काढला आणि रोमचा सगळ्यात लोकप्रिय कवी साम्राज्याच्या पार टोकाला जाऊन पडला.

त्याचं नाव पुब्लियस ओव्हिडियस नासो. जग त्याला ओव्हिड म्हणून ओळखतं. त्यानं बंड केलं नव्हतं, कुणाचा खून केला नव्हता. त्यानं कविता लिहिल्या होत्या आणि एकदा, पाहू नये असं काहीतरी पाहिलं होतं.

ओव्हिडचा जन्म इसवी सन पूर्व ४३ मधल्या २० मार्चचा. गाव सुल्मो, म्हणजे आजच्या इटलीतलं सुल्मोना. चहूबाजूंनी डोंगर, गार पाण्याचे झरे, आणि रोम तिथून साधारण सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर. आदल्याच वर्षी ज्युलियस सीझरचा खून झाला होता. ओव्हिड जन्मला त्या वर्षी रोमचे दोन्ही कॉन्सल, म्हणजे वर्षभरासाठी निवडले जाणारे सर्वोच्च अधिकारी, यादवी युद्धात प्राणाला मुकले. घर मात्र खाऊनपिऊन सुखी होतं. सिनेटरांच्या खालोखाल जो सधन वर्ग होता, त्यातलं जुनं घराणं. ओव्हिडला एक भाऊ होता, बरोबर एक वर्षानं मोठा. दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी यायचा.

वडिलांची इच्छा साधी होती. मुलांनी वक्तृत्व शिकावं, वकिली करावी, सरकारी पदं मिळवावीत. थोरल्याला ते जमत होतं. धाकटा कविता करायचा. कवितेनं पोट भरत नाही, खुद्द होमरनंही मागे काही धन ठेवलं नाही, असं वडील समजावत. पोरानं मनापासून प्रयत्न केला, पण गद्य लिहायला बसलं की वाक्यं आपोआप छंदात उतरायची. थोरला भाऊ विसाव्या वर्षी गेला. ओव्हिडनं काही काळ न्यायखात्यातली किरकोळ पदं सांभाळली आणि सिनेटचा उंबरठा दिसू लागल्यावर पाऊल मागे घेतलं.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही. ओव्हिड बारा वर्षांचा असताना, इसवी सन पूर्व ३१ मध्ये, अॅक्टियमच्या समुद्री लढाईत ऑक्टेव्हियननं अँटनी आणि क्लिओपात्राचा पराभव केला आणि यादवीचं पर्व संपलं. हाच ऑक्टेव्हियन पुढे ऑगस्टस म्हणून रोमचा पहिला सम्राट झाला. व्हर्जिल आणि होरेस हे आदल्या पिढीचे कवी. होरेस तर हरलेल्या बाजूनं लढला होता आणि त्यात बापाची शेतीवाडी गमावून बसला होता. या पिढीला ऑगस्टसनं शांतता दिली, आणि तिची किंमत त्यांना पुरती ठाऊक होती. ओव्हिडला ती शांतता आयती मिळाली. त्यामुळे जिथे थोरले कवी हात जोडायचे, तिथे याला हसू यायचं.

देव सरकारजमा होतात तेव्हा

ऑगस्टसला सत्ता टिकवायची होती, पण राजा हे बिरुद रोममध्ये शिवीसारखं होतं. मग त्यानं देवांची वाट धरली. इसवी सन पूर्व ४२ मध्येच सीझरला अधिकृतपणे देव ठरवलं गेलं होतं. सीझरनं ऑक्टेव्हियनला दत्तक घेतलेलं, म्हणजे हा आपोआप देवाचा मुलगा झाला आणि नाण्यांवर तसं छापूही लागला. सीझरचं ज्युलियन घराणं आपलं मूळ थेट व्हीनस या प्रेमाच्या देवीपर्यंत नेत असे. इसवी सन पूर्व २८ मध्ये ऑगस्टसनं पॅलाटिन टेकडीवर स्वतःच्या घराला लागून अपोलोचं देखणं देऊळ बांधलं. त्याच वर्षी ८२ देवळांची डागडुजी केल्याचं त्यानं स्वतःच नोंदवून ठेवलं आहे. इसवी सन पूर्व १२ मध्ये तो रोमचा प्रमुख पुरोहित झाला, आणि चारच वर्षांनी ‘सेक्स्टिलिस’ महिन्याला त्याचं नाव मिळालं. आज भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये जुलैनंतर जो ऑगस्ट येतो, तो हाच.

कवींनीही साथ दिली. व्हर्जिलच्या ‘एनिड’मध्ये ज्युपिटर, म्हणजे ग्रीकांचा झ्यूस, देवांचा राजा, रोमला अमर्याद साम्राज्याचं वचन देतो. अॅक्टियमच्या लढाईचं वर्णन येतं तेव्हा ऑगस्टसच्या बाजूला रोमचे देव उभे असतात आणि समोर इजिप्तचे प्राण्यांच्या तोंडाचे देव. होरेसनं तर सांगून टाकलं, की ज्युपिटर आकाशात राज्य करतो तसा ऑगस्टस पृथ्वीवरचा देव मानला जाईल. हे दोघे नुसते खुशमस्करे होते असं म्हणणं अन्यायाचं ठरेल. व्हर्जिलच्या काव्यात साम्राज्यासाठी चिरडल्या गेलेल्यांचं दुःख पानोपानी आहे. पण त्याचा ज्युपिटर गंभीर, विचारी आणि न्यायी आहे. राज्यकर्त्याला आरशात असंच दिसायला आवडतं.

ओव्हिडनं व्हर्जिलला फक्त एकदा लांबून पाहिलं होतं. होरेसचं काव्यवाचन मात्र त्यानं ऐकलं होतं आणि प्रॉपर्शियससारख्या प्रेमकवींमध्ये त्याची ऊठबस होती. दाढी जेमतेम एक-दोनदा केलेली असताना त्यानं पहिल्यांदा लोकांसमोर कविता वाचल्या आणि तो गाजला. तीन लग्नं झाली. पहिली दोन फार टिकली नाहीत, तिसरी बायको शेवटपर्यंत त्याच्या पाठीशी राहिली.

प्रेमाचे धडे

इसवी सन पूर्व १८ मध्ये ऑगस्टसनं कायदे आणले. लग्न करा, पोरं जन्माला घाला, आणि व्यभिचार हा यापुढे घरगुती मामला नसून गुन्हा आहे. इसवी सन पूर्व २ मध्ये त्याला राष्ट्रपिता ही पदवी मिळाली. त्याच वर्षी त्याची एकुलती एक मुलगी ज्युलिया व्यभिचाराच्या आरोपात सापडली, आणि बापानं तिला पांडाटेरिया नावाच्या चिमुकल्या बेटावर धाडलं.

नेमका याच सुमाराला ओव्हिडचा ‘आर्स अमातोरिया’ बाहेर आला. नाव भारदस्त, शेतीवर किंवा वक्तृत्वावर पाठ्यपुस्तकं असत तसं. विषय मात्र पोरगी कशी पटवावी. तिसऱ्या भागात बायकांसाठीही धडे आहेत. आपण विवाहितेबद्दल बोलत नाही आहोत असा खुलासा सुरुवातीलाच आहे, पण त्यावर फार कुणी विश्वास ठेवला असेल असं वाटत नाही. खरी गंमत पत्त्यांमध्ये आहे. पोरी कुठे भेटतात? सम्राज्ञी लिव्हियाच्या नावाच्या ओवरीत. पॅलाटिनवरच्या अपोलोच्या देवळापाशी. विजयाच्या मिरवणुकीत, जिथे शेजारी उभ्या मुलीनं जिंकलेल्या डोंगरांची आणि नद्यांची नावं विचारली तर माहीत नसली तरी ठोकून द्यावीत. सम्राटानं धर्मासाठी आणि राज्याच्या वैभवासाठी जे जे उभारलं, ते सगळं ओव्हिडच्या नकाशावर फक्त भेटीगाठींच्या जागा होतं. यात राजकीय टीका कुठेच नाही. कदाचित तेच जास्त झोंबणारं होतं.

ज्युपिटर जसा वागतो

मग ओव्हिडनं आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम हाती घेतलं. ‘मेटामॉर्फोसिस’, म्हणजे रूपांतरं. १५ खंड, जवळपास १२ हजार ओळी, सुमारे अडीचशे कथा. विश्वाच्या उत्पत्तीपासून थेट ऑगस्टसच्या काळापर्यंत, आणि प्रत्येक कथेत कुणीतरी झाड होतं, दगड होतो, पक्षी होतो, तारा होतो.

पहिल्याच खंडात ज्युपिटर देवांची सभा भरवतो. बडे देव एका बाजूला राहतात, किरकोळ देव दुसरीकडे, आणि या वस्तीला आपण आकाशातलं पॅलाटिन म्हणायला कचरणार नाही, असं कवी सांगतो. सम्राट कुठे राहतो हे रोममध्ये पोराटोरांनाही माहीत होतं. एका माणसानं अपराध केला म्हणून ज्युपिटर सगळी मानवजात बुडवायचं जाहीर करतो. काही देव मोठ्यानं दुजोरा देऊन त्याचा राग आणखी पेटवतात, बाकीचे नुसती मान डोलावतात. माणसं संपली तर आपल्या देवळांत धूप कोण जाळणार, एवढी एकच चिंता सभेला पडते. ऑगस्टसच्या काळातली सिनेट ज्यानं पाहिली असेल, त्याला आणखी काही समजावून सांगायची गरज नव्हती.

पुढे अपोलो, सम्राटाचा लाडका देव, डॅफ्नी नावाच्या तरुणीच्या मागे लागतो. ती जीव घेऊन पळते, थकते, नदीदेव असलेल्या बापाचा धावा करते आणि लॉरेलचं झाड होते. अपोलो त्या खोडालाच मिठी मारतो आणि जाहीर करतो, की हे झाड यापुढे माझं, विजयी सेनापतींच्या डोक्यावर याचीच पानं, आणि ऑगस्टसच्या दाराशी पहारा देणारंही हेच. खऱ्या रोममध्ये सम्राटाच्या दाराशी लॉरेल होतंच. जे राजवैभवाचं चिन्ह होतं, त्याच्या बुंध्यात ओव्हिडनं एक भेदरलेली मुलगी ठेवून दिली.

ज्युपिटर आयोला ढगांच्या अंधारात गाठतो. बायको जूनो येते आहे हे कळताच तो आयोची गाय करून टाकतो. ती बोलायला जाते तर तोंडातून हंबरणं निघतं. शेवटी ती खुरानं धुळीत आपलं नाव लिहून बापाला ओळख पटवते. शिकारी अॅक्टिऑन रानात वाट चुकतो आणि आंघोळ करणारी डायना देवी त्याच्या नजरेस पडते. एवढ्याच कारणासाठी ती त्याचं हरीण करते. त्याचेच कुत्रे त्याला फाडतात, आणि मी तुमचा मालक आहे हे सांगायला त्याच्याकडे आवाज उरलेला नसतो. हा धागा पुन्हा पुन्हा येतो. बलवान रागावतो, आणि दुबळ्याची सगळ्यात आधी वाचा जाते.

सहाव्या खंडातली अॅराक्नी तर जणू ओव्हिडची स्वतःचीच गोष्ट आहे. साध्या रंगाऱ्याची मुलगी, पण विणकामात अशी तरबेज, की तिनं मिनर्व्हा देवीलाच आव्हान दिलं. दोघी माग लावून बसतात. देवी विणते सिंहासनांवर बसलेले बारा देव, मधोमध ज्युपिटर, आणि चार कोपऱ्यांत देवांशी स्पर्धा करून शिक्षा भोगणारी माणसं. सगळं शिस्तीत, सममित, सरकारी शिल्पासारखं. अॅराक्नी विणते बैल झालेला ज्युपिटर, हंस झालेला ज्युपिटर, सोन्याचा पाऊस झालेला ज्युपिटर, आणि त्यानं फसवलेल्या बायका. शिवाय नेपच्यूनची लफडी, अपोलोची लफडी. कापडात खोट काढायला जागा नसते. मिनर्व्हा चिडून ते फाडते आणि हातातला धोटा अॅराक्नीच्या कपाळावर हाणते. अपमान सहन न होऊन पोरगी गळफास लावून घेते. देवीला जराशी दया येते आणि ती तिला कोळी करून टाकते. लटकत राहा, विणत राहा.

काव्याच्या शेवटी सीझर तारा होतो. त्याचं कारण ओव्हिड अगदी सरळ चेहऱ्यानं देतो. ऑगस्टस मर्त्य माणसाच्या पोटी आला असं होऊ नये, म्हणून सीझरला देव करणं भागच होतं. ही स्तुती आहे की थट्टा, यावर अभ्यासक आजही भांडतात. दोन्ही असणार. ओव्हिड क्रांतिकारक नव्हता, सम्राटाचं राज्य उलथावं असं त्याला कधी वाटल्याचं दिसत नाही. त्याला फक्त गंभीर चेहऱ्यामागचं दिसायचं, आणि दिसलेलं लपवणं जमायचं नाही.

त्याच काळात तो ‘फास्ती’ लिहीत होता, म्हणजे रोमन पंचांगावरचं काव्य, प्रत्येक महिन्याला एक खंड. सम्राटाला आवडेल असाच विषय. पण १५ मार्च हा सीझरच्या खुनाचा दिवस आला, की ओव्हिड आधी रमतो तो त्या दिवशीच्या गावजत्रेत. लोक टायबरकाठी गवतावर पसरलेत, जेवढे प्याले तेवढी वर्षं आयुष्य म्हणून पीत सुटलेत, संध्याकाळी एक झिंगलेली म्हातारी आपल्या झिंगलेल्या म्हाताऱ्याला ओढत घरी नेते आहे. सीझरचा विषय मग थोडक्यात आटोपतो. या काव्याचे जानेवारी ते जून असे सहाच खंड आहेत. जुलै आणि ऑगस्ट, म्हणजे नेमके सीझर आणि ऑगस्टसचे महिने, आलेच नाहीत. त्याआधी दुसरंच काहीतरी घडलं.

कविता आणि चूक

इसवी सन ८. ओव्हिड पन्नाशीत होता, एल्बा बेटावर एका मित्राबरोबर असताना हाकाटी कानावर आली. शिक्षेची कारणं त्यानं स्वतः दोन सांगितली आहेत, एक कविता आणि एक चूक. कविता म्हणजे ‘आर्स अमातोरिया’. पण तिला तर बरीच वर्षं होऊन गेली होती. चूक कोणती, हे त्यानं मरेपर्यंत उघड केलं नाही. आपण काही केलं नाही, डोळ्यांना दिसलं, आणि सांगितलं तर सम्राटाची जखम पुन्हा उघडी होईल, एवढंच तो लिहितो. त्याच वर्षी ऑगस्टसची नात, तिचंही नाव ज्युलिया, व्यभिचाराच्या आरोपावरून बेटावर पाठवली गेली. दोन्ही प्रकरणांचा संबंध अनेकांनी जोडला आहे. ओव्हिडनं मात्र स्वतःची तुलना केली ती अॅक्टिऑनशी. नकळत पाहिलं, आणि स्वतःच लिहिलेल्या कथेत जाऊन पडला.

नागरिकत्व आणि मालमत्ता त्याच्याकडे राहिली. ‘आर्स’ सार्वजनिक ग्रंथालयांतून काढलं गेलं. शेवटच्या रात्री घरात मयत झाल्यासारखी रडारड होती. मुलगी दूर आफ्रिकेत. बायको बरोबर यायला निघाली होती, पण रोममध्ये राहून रदबदली करायला कुणीतरी हवं म्हणून मागे राहिली. ‘मेटामॉर्फोसिस’ची प्रत त्यानं आगीत टाकली. मित्रांकडे नकला होत्या म्हणून काव्य वाचलं. नकला आहेत हे त्याला माहीत नसेल, यावर विश्वास ठेवणं कठीण आहे.

ठिकाण होतं टोमिस. काळ्या समुद्राच्या काठावरचं जुनं ग्रीक ठाणं, आजच्या रोमानियातलं कॉन्स्टांत्सा. ओव्हिडच्या पत्रांमध्ये तिथे कायम हिवाळा असतो. डॅन्यूब नदी गोठते, बर्फावरून घोडेस्वार विषारी बाण घेऊन येतात, मडक्यातली वाईन मडक्याच्याच आकारात घट्ट उभी राहते. यात मीठमसाला भरपूर आहे. आज तिथे लोक उन्हाळ्यात समुद्रावर सुट्टी घालवायला जातात. टोमिसकरांनाही ही बदनामी कळली आणि ते चिडले. मग ओव्हिडला खुलासा करावा लागला, की माझी तक्रार इथल्या हवेबद्दल आहे, माणसांबद्दल नाही. माणसं खरोखर चांगली होती. त्यांनी त्याला करमाफी दिली, सन्मान केला.

खरं दुःख वेगळंच होतं. लॅटिन बोलायला कुणी नव्हतं. शब्द आठवत नाहीत, आपल्याशीच बोलून जीभ ओली ठेवावी लागते, असं तो लिहितो. आयोसारखी, अॅक्टिऑनसारखी त्याची वाचा जात होती. तो तिथल्या गेट लोकांची भाषा शिकला.

आणि सम्राट? पत्रांमध्ये ऑगस्टस आता उघडउघड ज्युपिटर आहे आणि शिक्षा म्हणजे त्याची वीज. एका लांबलचक पत्रात ओव्हिड बचाव मांडतो. कवितेनं बायका बिघडत असतील तर देवळांचं काय? ज्युपिटरच्या देवळात गेलं तरी त्यानं किती जणींना आई केलं ते आठवणारच. सूडकर्त्या मार्सच्या देवळात, जे ऑगस्टसनंच बांधलं, व्हीनस मार्सला खेटून उभी आहे आणि तिचा नवरा दाराबाहेर. ज्याच्या पायाशी लोळण घ्यायची त्यालाच हे ऐकवायचं. सवय जात नाही म्हणतात ते असं.

पण एकांत माणसाला वाकवतो. कोट्टा नावाच्या मित्रानं रोमहून ऑगस्टस, टायबेरियस आणि लिव्हिया यांच्या चांदीच्या प्रतिमा पाठवल्या. ओव्हिडनं त्या मांडून त्यांच्यापुढे गाऱ्हाणं घातलं. आपल्या घरात सीझरचं देवघर आहे आणि आपण रोज सकाळी तिथे धूप जाळतो, हेही तो रोमला आवर्जून कळवतो. हे मनापासून होतं, की सम्राटाच्या कानावर जावं म्हणून, ते बहुधा त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

इसवी सन १४ च्या १९ ऑगस्टला ऑगस्टस मरण पावला आणि सिनेटनं त्याला देव घोषित केलं. एका माजी अधिकाऱ्यानं शपथेवर सांगितलं, की आपण त्याला आकाशात चढताना पाहिलं. टोमिसमध्ये ओव्हिडनं गेट भाषेत एक कविता रचली, सम्राटाचा देह मर्त्य होता पण आत्मा स्वर्गात गेला अशी. ऐकणाऱ्यांनी खूश होऊन बाणांचे भाते खुळखुळवले. त्यातला एकजण म्हणाला, की सीझरबद्दल एवढं चांगलं लिहितोस तर त्यानं तुला एव्हाना परत बोलवायला हवं होतं. ती कविता आज उपलब्ध नाही. नवा सम्राट टायबेरियस यानंही त्याला बोलावलं नाही.

ओव्हिड इसवी सन १७ किंवा १८ मध्ये टोमिसलाच वारला. हाडं तरी रोमला न्यावीत असं त्यानं बायकोला लिहून ठेवलं होतं. त्याची कबर सापडलेली नाही.

‘मेटामॉर्फोसिस’च्या शेवटच्या ओळींत त्यानं दावा केला होता, की ज्युपिटरचा रागही हे काम पुसू शकणार नाही. मध्ययुगात ख्रिस्ती मठांतून ते नकलून ठेवलं गेलं. शेक्सपिअरनं त्यातून कथा घेतल्या, बर्निनीनं झाड होत चाललेली डॅफ्नी संगमरवरात कोरली, वेलास्केथनं अॅराक्नीचा माग रंगवला. कोळी आणि विंचवांच्या शास्त्रीय वर्गाचं अॅरॅक्निडा हे नावही त्याच विणकरणीवरून आलं. कॉन्स्टांत्साच्या चौकात १८८७ पासून ओव्हिडचा पुतळा आहे, हनुवटी हातावर टेकून खाली पाहत उभा. १९२५ मध्ये त्याचीच प्रत सुल्मोनात बसवली गेली. सुल्मो ही आपली जन्मभूमी असल्याचं त्यानं कवितेत लिहिलं होतं. त्या लॅटिन शब्दांची आद्याक्षरं, एस, एम, पी आणि ई, आजही त्या गावाच्या मानचिन्हावर आहेत.